नागपुरात शिकारीला कोणतं कॅलिबर चालतं? नवीन माणसासाठी पहिल्यापासून सगळं

हरभऱ्याला घाटे धरायला लागले की दरवर्षी मला एकच प्रश्न येतो, कधी काटोलकडून, कधी उमरेड-भिवापूरकडून, कधी नागपुरातल्याच एखाद्या पोराकडून ज्यानं मोबाइलवर बाहेरच्या देशातले शिकारीचे व्हिडिओ पाहिलेले असतात. भाऊ, रानडुकरासाठी ३१५ घेऊ की पॉइंट टू-टू चालेल? आपल्याकडे कायद्यात कोणतं बसतं?

तर आधी उत्तर देतो, मग बाकीचं. शिकारीसाठी आपल्याकडे कोणतंच कॅलिबर, म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, कायद्यात बसत नाही, कारण शिकारच बसत नाही. पण म्हणून विषय संपला असं नाही राजेहो, कारण रायफल आणि बंदूक कायदेशीर ठेवायचे दुसरे रस्ते आहेत, पीक वाचवायचा वेगळा रस्ता आहे, नेमबाजीचा वेगळा आहे, आणि प्रत्येक रस्त्यावर कायद्यानं वेगळं हत्यार ठरवलेलं आहे. लोक गोंधळतात ते इथंच, की आधी कॅलिबर ठरवतात आणि मग कारण शोधतात. मी बरीच वर्षं टार्गेट शूटिंग करतो आणि घरचं वावर पारशिवनी तालुक्यात जंगलाला लागून आहे, त्यामुळे दोन्हीकडची बाजू मला माहीत आहे. नव्या माणसानं काय क्रमानं जायचं ते सांगतो.

आधी शिकार म्हणजे काय ते समजून घ्या

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या कलम ९ नं शिकारीवर बंदी आहे आणि शिकार या शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये दिलीये, ती एकदा शांतपणे वाचा कारण ती आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप मोठी आहे. मारणं तर आहेच, पण पकडणं, फासे लावणं, विष घालणं, हाकारा करून हुसकावणं, आमिष लावणं, जखमी करणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी खराब करणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे गोळी चुकली तरी गुन्हा होतो. 'लागली नाही ना, मग काय झालं' हे कोर्टात चालत नाही.

बऱ्याच घरात आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी आहेत, सीपी-बेरार या आपल्या जुन्या प्रांताच्या काळातल्या, शूटिंग ब्लॉक म्हणजे शिकारीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा बुक करून परमिट घेऊन जायचे त्या. काही घरात काकांकडे १९८०च्या आसपासचं शिकारीचं जुनं लायसन्स सापडतं आणि पोरं म्हणतात काकाला मिळालं तर मला का नाही. त्याचं कारण असं की १९७२ चा कायदा आला तेव्हा त्यात काही प्राण्यांसाठी शिकार लायसन्सची सोय ठेवलेली होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती सगळी पद्धतच काढून टाकली. तो कागद आता फक्त आठवण म्हणून ठेवायचा.

पुढे २०२२ ची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. प्राण्यांच्या याद्या कमी करून आता दोनच ठेवल्यात, अनुसूची १ आणि अनुसूची २. वाघ, बिबट, अस्वल, काळवीट, मोर, घोरपड हे पहिल्या यादीत. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीत आहे म्हणजे मारायला मोकळं असं अजिबात नाही, बंदी दोन्हीला आहे. पहिल्या यादीतल्या प्राण्याची शिकार केली किंवा अभयारण्यात नाहीतर राष्ट्रीय उद्यानात केली तर कमीत कमी ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आणि वर किमान २५ हजार दंड. बाकीच्या बाबतीत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग कॅलिबरकडे या, पण त्याचा अर्थ नीट समजून

कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीच्या आतला व्यास. पॉइंट टू-टू म्हणजे इंचाच्या शंभरात बावीस भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. ३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. एअर रायफलची पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन म्हणजे ४.५ मिलिमीटर. छर्ऱ्याच्या बंदुकीत हेच माप बोरमध्ये सांगतात, आणि बारा बोरचा हिशोब वेगळाच, त्या नळीत बसेल एवढ्या आकाराच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन मिळून एक पौंड होतं, म्हणून बारा. सोळा बोर बारापेक्षा लहान असतो तो याच हिशोबानं.

आता नुसत्या व्यासावरून ताकद कळत नाही, आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. मला पहिल्यांदा समजलं ते एका जुन्या शूटरनं माझ्या तळहातावर दोन काडतुसं ठेवली तेव्हा. एक पॉइंट टू-टूचं, लांबीला बोटाच्या एका पेराएवढं, हातात आहे हे कळतही नाही. दुसरं थर्टी-ओ-सिक्स या मोठ्या रायफलचं, हाताच्या मधल्या बोटाएवढं, पितळेचं, थंड आणि वजनदार. व्यासात फरक म्हटला तर दोनच मिलिमीटरचा. पण पॉइंट टू-टूची गोळी नळीतून निघताना दीडशे-दोनशे जूल ताकद घेऊन निघते आणि थर्टी-ओ-सिक्सची साडेतीन हजारांच्या वर. स्पर्धेतली एअर रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. काडतुसात गोळीमागच्या पितळी नळीत दारू किती मावते त्यावर हा सगळा खेळ. आणि पॉइंट टू-टू लहान म्हणून हलक्यात घेऊ नका, ती चुकलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, आपल्या वावरातून गावाच्या चावडीपर्यंतचं अंतर बहुतेक वेळा त्यापेक्षा कमीच असतं.

आपल्याकडे कोणतं बोर ठेवता येतं

शस्त्र कायदा १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. यात हत्यारांचे दोन मोठे भाग व्यवहारात बोलले जातात, पीबी आणि एनपीबी, म्हणजे प्रतिबंधित बोर आणि अप्रतिबंधित बोर. नवीन माणसाला पहिलं पाठ करायचं ते हेच.

प्रतिबंधित म्हणजे सगळी ऑटोमॅटिक हत्यारं, थ्री-नॉट-थ्री, ७.६२ मिलिमीटर, आणि ज्या नळीत सैन्याची किंवा पोलिसांची अशी काडतुसं बसू शकतात ती. पिस्तुलात ९ मिलिमीटर यातच. सामान्य माणसानं याचा विचारसुद्धा करू नये, यासाठी परवानगी केंद्र सरकारच्या पातळीवरून लागते, आणि विनापरवाना असं हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ ते १४ वर्षं. यामागचा विचार इंग्रजांच्या काळापासूनचा आहे, फौजेची काडतुसं चोरीला गेली तर ती बाहेरच्या बंदुकीत बसू नयेत. म्हणूनच आपल्याकडे नागरिकांसाठी ३१५ हा वेगळा बोर पडला. आकारानं थ्री-नॉट-थ्रीच्या जवळचा, पण काडतूस वेगळं.

अप्रतिबंधित मध्ये येतात ते ३१५, थर्टी-ओ-सिक्स, पॉइंट टू-टू रायफल, बारा बोरची बंदूक, पॉइंट थ्री-टूचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, शिवाय ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, जिला खेड्यात भरमार म्हणतात. ३१५ आणि थर्टी-ओ-सिक्सच्या स्पोर्टिंग रायफली इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात बनतात. इथं एक गडबड फार होते. 'स्पोर्टिंग रायफल' असं नाव वाचून लोकांना वाटतं स्पोर्ट म्हणजे शिकार, आणि लायसन्स मिळालं म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली. तसं नाहीये. शस्त्राचं लायसन्स म्हणजे हत्यार जवळ ठेवायची परवानगी, ती देणारं खातं वेगळं आणि कायदा वेगळा. जनावराचा कायदा वन खात्याचा. एकाचा कागद दुसरीकडे कामाला येत नाही.

विनापरवाना साधं अप्रतिबंधित हत्यार सापडलं तरी २ ते ५ वर्षं आहे, म्हणून कोणी गावठी कट्टा किंवा 'कागद नंतर करून देतो' असं म्हणून बंदूक देत असेल तर हात लावू नका.

ज्याचं पीक जातंय त्यानं काय करायचं

इथं मी जरा थांबून लिहितो, कारण मला येणाऱ्या दहा फोनमधले सहा-सात यासाठीच असतात आणि त्या माणसांचा राग खरा असतो. मामाबरोबर मी भुईमुगाच्या वावरात माळ्यावर जागल केलीये. रात्री दोनच्या सुमारास आधी आवाज येतो, ओली माती उकरल्याचा, आणि शेंगा फोडल्याचा कुरकुर आवाज, मग बॅटरी मारली तर पाठीवर केस उभे राहिलेली दहा-बारा जनावरं. डबे वाजवले, फटाका लावला, गेली. तासाभरानं दुसऱ्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, परत आली. सकाळी पाहिलं तर अर्धा एकर नांगरल्यासारखा झाला होता आणि वेल मुळासकट उलटे पडलेले. मामा काही बोलला नाही, धुऱ्यावर बसून राहिला. त्यामुळे 'जनावरं बिचारी' असं म्हणून मी कोणाला गप्प करत नाही. पण रस्ता कायद्यातूनच आहे.

कलम ११ मध्ये तो रस्ता दिलेला आहे. अनुसूची २ मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला असेल, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशानं, कारणं नोंदवून, ठराविक भागातल्या ठराविक जनावराला किंवा कळपाला मारायची परवानगी देऊ शकतो. मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस आपल्याच नागपुरात सिव्हिल लाइन्सला वन भवनात आहे, पण शेतकऱ्यानं पहिल्यांदा तिकडे पळायची गरज नसते, आधी आपल्या भागाच्या आरएफओ साहेबांकडे म्हणजे वनक्षेत्रपालाकडे लेखी अर्ज द्यायचा. अर्जात गट नंबर, पीक, किती क्षेत्र, कोणतं जनावर, किती दिवसांपासून, आणि फोटो. एक प्रत आपल्याकडे, त्यावर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

परवानगी मिळाली तरी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, आदेशात लिहिलेलं जनावर, लिहिलेला भाग आणि लिहिलेली मुदत यापलीकडे काहीच करायचं नाही. शेजारच्या वावरात पळालं म्हणून मागे गेलात की तिथं गुन्हा सुरू होतो. दुसरं, हत्यार लायसन्सचंच पाहिजे आणि चालवणारा त्याच लायसन्सवरचा. तिसरं, मेलेलं जनावर सरकारचं असतं, ते वन खात्याच्या ताब्यात द्यायचं. मटण वाटून घेतलं की परवानगी असूनही प्रकरण अंगावर येतं, आणि हे मी दरवर्षी सांगतो तरी दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की 'थोडं ठेवलं तर'. नाही.

आता हत्याराचं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी लायसन्स द्यायचं म्हटलंय ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि ती पुरेशी नाही असं लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या कोणत्याही गुळगुळीत नळीच्या, म्हणजे आतून रायफलसारखे आटे नसलेल्या, बारा बोरसारख्या बंदुकीचं. म्हणजे पिकासाठी कायद्याच्या डोक्यात रायफल मुळात नाहीच. त्याचं कारण मला योग्य वाटतं. छर्ऱ्याची ताकद थोड्या अंतरात संपते, रायफलची गोळी पुढच्या गावापर्यंत जाते. आणि ज्यांना वाटतं की पॉइंट टू-टूनं रानडुक्कर आटोपेल त्यांनी हे ऐका, रानडुकराच्या खांद्यावरची कातडी जाड असते, ती गोळी त्याला जागेवर पाडत नाही, ते जखमी होऊन तुरीत जाऊन बसतं आणि सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईवर धावतं. गोळी रात्री कोणी झाडली हे तिला माहीतही नसतं.

अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे मारलं गेलं तर कलम ११ नुसार तो गुन्हा धरत नाहीत, पण तुम्ही तिथं आधीच काही बेकायदा करत असाल तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे चोरून शिकारीला गेलो आणि अस्वल आलं म्हणून मारलं, हे चालणार नाही.

सरकारी आदेशानं झालेली गोष्टसुद्धा किती तपासली जाते ते आपण २०१८ मध्ये पाहिलंय. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला मारायचा आदेश हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली त्यानंतरही चौकश्या चालल्या. एका साध्या शेतकऱ्याकडे कागद नसेल तर त्याचं काय होईल याचा विचार करा.

तारेचा करंट तर अजिबात नको. आमच्या शेजारच्या धुऱ्यावर कोणीतरी लाइटच्या तारेवर आकडा टाकून साधी बाइंडिंग वायर जमिनीपासून फूटभर उंचीवर ओढली होती. डुक्कर नाही मेलं, पहाटे पाणी द्यायला निघालेल्या माणसाचा पुढचा बैल मेला, आणि माणूस दोन पावलं मागे होता म्हणून वाचला. त्या बैलाचे डोळे उघडे होते, तोंडात अजून कडब्याची काडी होती. सौर कुंपण वेगळं, त्याला मशीन असतं आणि ते झटका थांबून थांबून देतं त्यामुळे जनावर बिचकतं, मरत नाही, आणि त्यासाठी सरकारी योजनेतून अनुदानही मिळतं, आरएफओ ऑफिसमध्येच विचारा. कणकेत बारूद भरून ठेवायचा प्रकार पण तसाच, तो गाय आधी खाते.

नुकसान भरपाईचा अर्ज या सगळ्यापासून वेगळा करायचा, परवानगीची वाट पाहत तो थांबवू नका. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढा, वावर साफ करायची घाई करू नका, पायाचे ठसे आणि उकरलेली जागा पंचनाम्याला दिसली पाहिजे. सातबारा, आधार, बँक पासबुक जवळ ठेवा. वन खात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, रात्री जनावर गावात घुसलं तर पहिला फोन तिथं.

ज्याला फक्त रायफल चालवायची हौस आहे त्यानं

त्याला मी मनापासून सांगीन की रेंजवर या. कायद्यातसुद्धा सगळ्यात सोपा रस्ता हाच आहे, कलम १३ मध्येच लिहिलंय की मान्यताप्राप्त रायफल क्लब किंवा असोसिएशनच्या मेंबरला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफलचं लायसन्स द्यायचं.

सुरुवात १० मीटर एअर रायफलनं करा. ४.५ मिलिमीटर बोर आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर एअर रायफलला शस्त्र लायसन्स लागत नाही, ओळखपत्र दाखवून दुकानातून घेता येते आणि बिल जपून ठेवायचं. पॉइंट टू-टूची एअरगन, म्हणजे ५.५ मिलिमीटरवाली, या सूटमध्ये येत नाही, दुकानदार किंवा ऑनलाइन विकणारा काहीही म्हणो. आणि लायसन्स लागत नाही याचा अर्थ तिनं तितर, कबुतर, ससा मारायला मोकळीक आहे असा काढू नका. गल्लीतली पोट्टे फुटाळ्याच्या बाजूला नाहीतर अंबाझरीच्या झाडीत एअरगन घेऊन पाखरं टिपतात, त्यांना आणि त्यांच्या आईबापांना कल्पना नसते की कायद्याच्या भाषेत ही शिकारच झाली, छर्रा कितीही बारका असला तरी.

रेंजवर गेल्यावर पहिले काही दिवस कदाचित गोळी झाडायलाच मिळणार नाही, उभं राहायचं, श्वास, डाव्या हाताचं कोपर कमरेवर कुठं टेकवायचं, एवढंच. कंटाळू नका. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पेनानं टिंब दिलं तर त्याहून मोठं येतं. तो ठिपका दहा मीटरवरून जेव्हा पहिल्यांदा फुटतो ना, तेव्हा जे वाटतं ते कुठल्याही जनावराच्या मागे पळून मिळत नसेल. पुढे ५० मीटरला पॉइंट टू-टू रायफल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं ते याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून. क्लबचा पत्ता हवा असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, आणि क्लबला मान्यता आहे का, तो महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का, हे फी भरायच्या आधी विचारा.

लायसन्सचा अर्ज कसा करायचा

वय २१ पूर्ण पाहिजे. नागपूर शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलिस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. घर शहरात आणि वावर तालुक्यात असलं तर जिथं राहता तिथून करा, दोन्हीकडे अर्ज टाकायचा शहाणपणा नको. फॉर्म ए-१, केंद्राच्या शस्त्र लायसन्स पोर्टलवरून भरायचा, मग ओळख-पत्त्याचे पुरावे, फोटो, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि घरी कुलूपबंद ठेवायची काय सोय केलीये ते. त्यानंतर पोलिस व्हेरिफिकेशन. शेजाऱ्यांना विचारतात, जुन्या केसेस पाहतात, कारण खरं आहे का पाहतात.

कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहा. 'शिकार' लिहिलंत तर अर्ज तिथंच मेला, आणि नेमबाजीसाठी हवंय म्हणून ३१५ मागितलंत तर समोरचा विचारणारच की कोणत्या इव्हेंटला, कोणत्या रेंजवर.

जंगलाजवळ राहणाऱ्यांसाठी एक वेगळी अट आहे जी शहरातल्या एजंटला बहुतेक माहीतच नसते. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र लायसन्स द्यायचं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आपल्या जिल्ह्यात मानसिंगदेव आहे, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे, बोर आहे, म्हणजे पारशिवनी, रामटेक, उमरेड, कुही, हिंगणा या भागातली कितीतरी गावं यात येतात. माझी स्वतःची फाइल याच कारणानं दीड वर्ष एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती आणि मला कोणी सांगितलंच नाही की वन खात्याच्या पत्राशिवाय ती हलणार नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा की माझं गाव १० किलोमीटरच्या आत धरलंय का.

मिळालेलं लायसन्स ५ वर्षांचं असतं आणि त्यावर युनिक नंबर, म्हणजे यूआयएन, असायलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं. काडतुसं किती घ्यायची ते लायसन्सवर लिहिलेलं असतं, खर्च झालेल्यांचा हिशोब ठेवा. लग्नात हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते, टाळाटाळ न करता जमा करा आणि पावती घ्या. आणि जबलपूर रोडनं जाताना देवलापार-खवासा पट्ट्यात, जिथं दोन्ही बाजूला पेंचचं जंगल आहे, लायसन्सचं हत्यार गाडीत असेल तर ते रिकामं, बॅगेत बंद, काडतुसं वेगळी, आणि फोटो काढायला सुद्धा बाहेर काढायचं नाही. अभयारण्यात विनापरवानगी हत्यार घेऊन शिरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

त्या बाहेरच्या व्हिडिओंचं काय

ते खोटे नाहीत, फक्त तिथल्या कायद्याचे आहेत. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी रायफल पॉइंट टू-फोर-झीरोपेक्षा कमी चालत नाही आणि गोळीची ताकद १,७०० फूट-पौंडांच्या खाली चालत नाही. जर्मनीत रो नावाच्या लहान हरणासाठी १०० मीटरवर १,००० जूल, आणि त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावरांसाठी, ज्यात रानडुक्करही आलं, ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २,००० जूल ही खालची मर्यादा. हे आकडे ठेवण्यामागचा हेतू एकच, जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये. आणि तिथं हे करायच्या आधी जर्मनीत तर शिकाऱ्याची मोठी परीक्षा द्यावी लागते. तुमचा कोणी नातेवाईक तिकडे असेल तर त्यानं तिथल्या राज्याचे नियम तिथंच विचारावेत, इथं बसून आपण त्यावरून आपलं कॅलिबर ठरवायचं नाही.

घरात आजोबांची बंदूक सापडली तर

हे शेवटी लिहितोय पण नवीन माणसांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात इथूनच होते. लायसन्स आजोबांच्या नावाचं, आजोबा गेले, बंदूक कपाटावर धोतरात गुंडाळलेली. ज्या दिवशी लायसन्सधारक गेला त्या दिवसापासून ती घरात ठेवायचा हक्क कोणाकडेच राहत नाही. तेरवीच्या गडबडीत कोणाच्या लक्षात येत नाही हे मला समजतं, पण उगाच वेळ काढू नका. कलम २१ नुसार ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, आणि वारसानं स्वतःच्या नावानं लायसन्सचा अर्ज करायचा, बाकी वारसांच्या ना-हरकतीसह.

नेताना आधी ठाण्यात फोन करून सांगा की अशी अशी बंदूक जमा करायला येतोय. स्वतः उघडून बघायला जाऊ नका, जुन्या बंदुकीत काडतूस अडकलेलं असू शकतं. नळी जमिनीकडे, घोड्यापासून बोट लांब, सोबत घरातला एक मोठा माणूस आणि जुनं लायसन्स, मृत्यूचा दाखला. ठाण्यातून पावती घ्या, आणि पावतीवरचा नंबर बंदुकीच्या नळीवर कोरलेल्या नंबरशी तिथंच उभं राहून एकेक आकडा जुळवून बघा.